मामाची चार बोटं

माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या सख्ख्या मामाची फक्त चार बोटं आहेत. मंगलाष्टकांच्या पानावर, तिच्या खांद्यावर टेकलेली. मनगट नाही, हात नाही, चेहरा तर नाहीच. मनगट जिथं सुरू व्हायला पाहिजे तिथं सोनेरी गुलाबांची वेल सुरू होते, कारण तो फोटो बदामाच्या आकाराच्या चौकटीत कोंबलेला आहे. त्या बदामात नवरा आहे, नवरी आहे, मधला अंतरपाट आहे आणि ही बेवारस चार बोटं आहेत.

बोटांचा मालक उंद्रीला राहतो. माझ्या बायकोचा मोठा भाऊ. आम्ही चिखलीत राहतो, म्हणजे अंतर काही फार नाही. पण माझ्या सासूबाई गेल्यापासून हे अंतर वाढत गेलं. सासूबाईंचं शेवटचं वर्ष आमच्या घरी गेलं. दवाखाना चिखलीत, आठवड्याला दोनदा न्यावं लागायचं, म्हणून बायको त्यांना घेऊन आली. कारण एवढंच. पण गाव कारण विचारत नाही. पोरगा धडधाकट, घर बांधलेलं, आणि माय लेकीच्या दारी, असं लोक बोलले. ते ऐकून मेहुण्यानं तेरवीच्या दिवशी बहिणीला सांगितलं की तुनं माय नेली नाही, माझी इज्जत नेली. त्यानंतर त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही. भाऊबीजेला माझी बायको ताट घेऊन गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. हिला भाऊ होता, जिवंत होता, मोटरसायकलवर चिखलीच्या बाजारातही येत होता.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघं उंद्रीला जाऊन कुंकू-अक्षता ठेवून आलो. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आमच्याकडे मामा मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप तिथं लागत नाही, मामा लागतो. भटजींनी माइकवरून मुलीच्या मामाला दोनदा पुकारलं. माझा एक चुलत मेहुणा पुढं सरकायला लागला, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून हा उठला. टोपी नीट केली, मुलीला आणलं आणि तिच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. जेवून निघताना बहिणीला म्हणाला, “दिवाळीले येतो.”

बायको तेवढ्या बोलण्यावर पुढचे सगळे महिने जगली. कपाटातलं चांदीचं निरांजन तिनं उन्हाळ्यातच घासून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आधी अल्बम आला. अल्बम कसला, बॅगच ती. कुलूप-किल्लीची पेटी, वर काचेसारखं कव्हर, आत पुठ्ठ्याइतकी जाड पानं. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो. ठरलेली पानं भरली का एवढं मी मोजून घेतलं. बायकोनं लेकीचे दागिने आणि साड्या पाहिल्या. आणि पहिला मान भावाचा म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी ती पेटी घेऊन उंद्रीला गेलो.

तिथं ओसरीवर चहा झाला, शेजारपाजारचे जमले. मेहुण्यानं मांडीवर टॉवेल घेतला, त्यावर अल्बम ठेवला आणि हात पुसून पान उलटायला लागला. हळदीची पानं झाली, वरातीची झाली. मंगलाष्टकांच्या पानावर तो थांबला. त्याचा म्हातारा शेजारी, ज्याचं तोंड अख्ख्या गल्लीला माहीत आहे, खांद्यावरून वाकून पाहत होता. तो म्हणाला, “काऊन बे, तू गेलता ना लग्नाले? मंग हे बोटं कोनाचे होय? भूत उभं हाये का पोरीच्या मांगं?”

सगळे हसले. मेहुणाही हसला, पण ते ओठांपुरतं. म्हणाला, “मांगं उभा होतो, मांगंच राह्यलो.” उरलेली पानं त्यानं भराभर उलटली. जेवणाच्या पंगतीच्या फोटोंतही तो कुठं नव्हता. अल्बम पेटीत ठेवून त्यानं स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. आम्ही निघालो तेव्हा बहिणीकडं न पाहता म्हणाला, “दिवाळीत सोयाबीनचं काम हाये. मले जमनार नाही.”

सोयाबीन दिवाळीपर्यंत शेतात राहत नाही हे माझ्या बायकोला मी सांगायची गरज नव्हती. एसटीत ती खिडकीबाहेर पाहत बसली. चिखली जवळ आल्यावर एकच बोलली. “त्याले वाटलं असंल, आपण सांगून कापलं.”

माझं डोकं तिथं फिरलं. घरी आल्यावर मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी काढली आणि ते पान मोजलं. उघडा अल्बम छत्तीस इंच रुंद, म्हणजे एक पान अठरा बाय बारा. त्यावरचा तो बदाम सगळ्यात रुंद जागी नऊ इंच. पानाच्या पाव भागातही माणसं नव्हती. पाऊण भागाच्या वर गुलाब, मोती, फुलपाखरं आणि खाली वळणदार इंग्रजीत एक ओळ, जी आमच्या खानदानात कोणी कोणाला म्हटलेली नाही. समोरच्या पानावर माझ्या मुलीचा एकच चेहरा तीनदा, मोठा, मधला, लहान, आणि मागं बर्फाचे डोंगर. आमच्या मांडवाच्या मागं कडुलिंबाचं झाड आणि पाण्याचा टँकर उभा होता. टँकर काढून टाकला याचा मला राग नाही. पण टँकर आणि मामा एकाच हिशेबात काढायचे?

मग मी इतरांचे अल्बम पाहायला लागलो. पाहुणा म्हणून गेलं की लोक अल्बम दाखवतातच, फक्त मी आता मागूनच घ्यायला लागलो. शेजारच्यांकडं मंगलाष्टकांचा फोटो मोराच्या पिसाऱ्यात होता, मामा पिसाऱ्याखाली गेलेला. जिनिंगमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी गोल चौकट होती. तिथं मामाची टोपी तरी वाचली होती. एका घरी तर आमचाच बदाम, तीच वेल, तीच इंग्रजी ओळ, फक्त आत दुसरं जोडपं. त्या घरच्या बाईंना मी विचारलं की मामा कुठं आहेत. त्या म्हणाल्या, “असतील न हो कुठंतरी.” त्यांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा मागं उलटलं आणि मग त्यांचाही चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. तोवर त्या सुखात होत्या.

मुलीला फोन केला. ती म्हणाली की डिझाइन आधी मोबाइलवर पाठवलं होतं, दोघांनी पाहून पसंत केलं होतं. ते जोडप्याचं पान आहे बाबा, त्यात बाकीचे कसे येतील? मी म्हणालो की बाकीचे म्हणजे कोण? तुला बोहल्यावर आणलं त्याला तू बाकीचे म्हणतेस? ती म्हणाली की मोबाइलवर एवढं बारीक दिसलं नाही. ते मात्र खरं असावं. छत्तीस इंचांचा अल्बम चार बोटं रुंद काचेवर पाहून पसंत करायची ही कोणती रीत आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

मग स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला पस्तिशीतला, बोलायला गोड. मी अल्बम उघडून बोटांवर बोट ठेवलं आणि हे कोणाचं काम म्हणून विचारलं. तो म्हणाला, “काका, चौकटी आम्ही बनवत नाही. तयार डिझाइनं येतात. हजारो असतात. आपला फोटो त्यात फक्त बसवायचा.”

मी म्हणालो की बसला नाही तर?

“तं कापा लागते.”

हे त्यानं भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. मग म्हणालो, “चौकट माणसासाठी असते का माणूस चौकटीसाठी? तुमच्या हजारो डिझाइनांत मामाला जागा असलेलं एक तरी दाखवा.”

त्यानं खरंच शोधलं. कॉम्प्युटरवर सरसर चौकटी सरकवत गेला. राजवाडे, होड्या, चंद्रकोरी, हंस, पिंजरे. सगळ्यांत जागा दोघांचीच. जिथं कुठं ही डिझाइनं बनतात तिथं लग्नं दोघांचीच होत असतील. आमच्या चिखली तालुक्यात होत नाहीत. तो थोडा ओशाळून म्हणाला, “पब्लिकले असंच लागते काका. साधं केलं तं म्हनतात, काम केलं नाही.”

“मला मूळ फोटो दाखवा,” मी म्हणालो.

मूळ फोटो त्याच्याकडं होता. त्यानं तो पडदाभर उघडला आणि मी खुर्ची पुढं ओढली. डावीकडं मामा, अख्खा, टोपीपासून चपलांपर्यंत. दोन्ही हात मुलीच्या खांद्यांवर, डोळे मिटलेले, गालावर ओल. त्याच्या बाजूला माझी बायको. तिच्या मुठीत अक्षता आहेत, सगळ्यांच्या अक्षता उडालेल्या दिसतात, पण तिची मूठ बंद आहे. पोटच्या पोरीचं लग्न लागतंय आणि ही पाहतेय भावाकडं. उजव्या टोकाला नवऱ्या मुलाचा मामा, गरीब माणूस, जालन्याकडचा. त्याची तर अल्बममध्ये बोटंही आली नव्हती.

स्टुडिओवालाही थोडा वेळ पाहत राहिला. “चांगला हाये हो फोटो,” म्हणाला. जणू पहिल्यांदाच पाहत होता. कदाचित खरंच पहिल्यांदा पाहत असेल. बसवताना कोण पाहतो?

मग मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिनं माझा राग दुप्पट झाला. कॅमेऱ्यातून निघतो तो फोटो तीनास दोन असतो, असं त्यानंच बोलता बोलता सांगितलं. पान अठरा बाय बारा. तेही तीनास दोन. म्हणजे हा फोटो, एकाचीही टोपी न कापता, एकाचंही बोट न कापता, त्या पानावर काठोकाठ बसत होता. कापायची गरज नव्हतीच. चौकटीसाठी कापलं होतं.

मी त्याला म्हणालो की मला हाच फोटो पाहिजे, अठरा बाय बाराच्या कागदावर, पूर्ण. तो लगेच उत्साहानं सोनेरी काठ लावायला लागला, वर “मामाचा आशीर्वाद” लिहू का म्हणाला. मी नको म्हणालो. अक्षर नको, फूल नको. मग तो थांबला, विचार केला आणि म्हणाला की काठच पाहिजे असेल तर साधा पांढरा काठ सोडतो आणि फोटोभोवती एक बारीक काळी रेघ. त्यानं फोटो पंधरा बाय दहा केला, बाजूंना दीड-दीड इंच पांढरं सोडलं, वर थोडं कमी आणि खाली थोडं जास्त. खाली जास्त कशाला, मी विचारलं. सारखं ठेवलं तर फोटो घसरल्यासारखा दिसतो म्हणाला. त्यानं दोन्ही करून दाखवलं, आणि खरंच दिसत होता. मला वाईट याचंच वाटलं की या माणसाला हे सगळं येत होतं. येत असून तो दिवसभर बदाम लावत बसला होता.

छापलेला फोटो पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून मी एकटाच उंद्रीला गेलो. बायको आली नाही. कागदानं रुसवा निघत असता तर कशाला हवं होतं, असं म्हणाली. मेहुणा अंगणात पोती शिवत होता. सोयाबीन घरात येऊन पडलं होतं. मी स्टुडिओतलं सगळं सांगितलं: तयार चौकटी, मोबाइलवरची पसंती, कोणी मुद्दाम कापलं नाही हे. त्यानं सुई-सुतळी बाजूला ठेवली, फोटो कडांना धरून उन्हाकडं केला आणि बराच वेळ पाहिला.

“ही माह्याकडं पाहून राह्यली,” तो म्हणाला.

“हो.”

“हातातल्या अक्षता तशाच हायेत.”

“हो.”

मग त्यानं फोटो पुन्हा नळकांड्यात घातला आणि माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, “जवाई, हा माह्या भितीवर लावला तं मीच पाहीन. मी उभा होतो हे मले मालूमच हाये. ज्याईले मालूम नाही ते अल्बम पाह्यतात.”

जिथं चूक झाली तिथंच ती दुरुस्त व्हायला पाहिजे. दुसऱ्या पानावर बरोबर आकडा लिहून भागत नाही, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलोय. मी विचारलं की भाऊबीजेला येता का. तो “पाहू” म्हणाला आणि सुई उचलली.

परत स्टुडिओत गेलो. एक पान बदलून द्या. तो म्हणाला की अल्बम बांधलेला आहे, मधलं एक पान निघत नाही. पाहिजे तर सगळा नवीन करावा लागेल आणि तो दिवाळीच्या आत येणार नाही. म्हणजे माणूस कापायला एक क्लिक, आणि जोडायला अख्खा अल्बम. तिथं मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. बायको घरी शांतपणे म्हणाली, “मंग वरून चिकटवून टाका न. एवढं काय त्यात?”

पण तिनंच मला चिकटवू दिलं नाही. तो आल्यावर, म्हणाली. तो आला तर.

दिवाळीला मुलगी आणि जावई आले होते, पहिला दिवाळसण. भाऊबीजेच्या सकाळी बायकोनं रांगोळी काढली, पाट मांडला, ताट तयार केलं आणि मग स्वयंपाकघरात एकेक डबा विनाकारण पुसत बसली. दुपार टळत आली तेव्हा फाटकाशी मोटरसायकल थांबली. मेहुणा आत आला, पाय धुतले, पाटाकडं पाहिलं, पण बसला नाही. “अल्बम कोठी हाये?” त्यानं विचारलं.

मी पेटी उघडून ते पान काढलं आणि फोटो त्यावर ठेवला. अठरा बाय बारावर अठरा बाय बारा. सूतभरही फरक नाही. मुलगी मध्ये पडली. बाबा, असं चिकटवलं तर अख्खं डिझाइन खराब दिसेल, लोक काय म्हणतील, असं ती हळूच म्हणत होती, पण घर लहान आहे. मेहुण्याचा हात थांबला. माझं तोंड उघडणार होतं, त्याच्या आधी जावई बोलला. तो फोटोवर वाकला होता.

“हा माझा मामा आहे,” उजव्या टोकावर बोट ठेवून तो मुलीला म्हणाला. “आपल्या अल्बममध्ये हा कुठंच नाही. आई दोनदा विचारून राह्यली मले.” मग माझ्याकडं वळून, “बाबा, याची एक कॉपी आम्हालाही द्या. आमच्या घरच्या अल्बमात पण लावू.”

मुलीनं मामाकडं पाहिलं, मग त्या चार बोटांकडं. ती आत गेली आणि डिंकाची बाटली घेऊन आली.

मेहुण्यानं स्वतः चिकटवला. आधी थोडं पाणी घालून डिंक पातळ केला, कापडानं पानभर पसरवला, बदामावर जरा जास्तच. फोटो एका कडेनं लावत आणला. मधे फुगे राहिले तेव्हा बायको म्हणाली, “सरक बरं,” आणि त्यावर कोरा कागद ठेवून लाटण्यानं लाटायला लागली. मधूनच तो म्हणाला, “हळू लाट व, माहं नाक दबंल.” ती पहिल्यांदा हसली, आणि लाटणं तसंच हातात धरून तिनं पदरानं डोळे पुसले.

मग ओवाळणं झालं. जेवणं झाली. अंधार पडायच्या आत निघतो म्हणून मेहुणा टोपी शोधायला लागला. अल्बम टेबलावर उघडाच होता, पान ओलं होतं.

बायको म्हणाली, “दादा, हे उद्या सकाळशिवाय वाळत नाही. आज बंद केलं तं समोरच्या पानाले चिकटंल.”

“मंग? मी काय वारा घालू त्याले?”

“वारा नको घालू. पाहत बस. तुझं पान हाये.”

त्यानं टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि घरी फोन लावून सांगितलं की आज चिखलीलेच थांबून राह्यलो, सकाळी येतो.